अपेंडिक्सची गाठ: रिपोर्टमधली कुठली ओळ आधी वाचायची

श्रावणातल्या एका दुपारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, त्या अपेंडिक्सचा रिपोर्ट आलाय. पोरगा मोबाइलमध्ये काहीतरी बघून गप्पच बसलाय. तुम्ही जरा येऊन बघता का?"

वहिनी ६३ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी पोटात उजवीकडे कळ आली, सोनोग्राफीत अपेंडिक्स फुगलेलं दिसलं, दुर्बिणीतून काढलं. तिसऱ्या दिवशी घरी आली आणि चौथ्या दिवशी कुणाचं न ऐकता ओट्याशी उभी राहिली. टाके सुकले, विषय संपला, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मग ते पाकीट आलं.

मी पोचले तोवर भाच्यानं 'अपेंडिक्स कॅन्सर, माणूस किती वर्षं जगतो' असं शोधून ठेवलं होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, पाच वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर जिवंत. दुसऱ्या ठिकाणी, जेमतेम पाव. आणि वहिनीच्या कागदावर 'पीटी ४ ए' अशी अक्षरं होती. चार म्हणजे शेवटचं, एवढं त्याला ठाऊक होतं. "आत्या, यातलं खरं कुठलं?"

मी म्हटलं, दोन्ही खरं. ते दोन वेगळे आजार आहेत, फक्त एकाच खोलीत भाड्यानं राहतात.

मी ३१ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासायच्या, लॅबमध्ये टेक्निशियन होते. रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर वेगळे. मी त्यांच्यासाठी तुकडे मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे आणि स्लाइडचा ट्रे टेबलावर ठेवायचे. तेव्हा औषध काय घ्यावं हे मी सांगणार नाही. कागद कुठून सुरू करून कुठे थांबायचं, तेवढं सांगते. छापलेला क्रम आणि वाचायचा क्रम एक नसतो.

आधी बरणीची चौकशी

रिपोर्ट वाचायचा म्हणजे तो आधी असायला हवा. काढलेलं अपेंडिक्स तपासायला गेलं का, हे ऑपरेशनच्या दिवशीच विचारा. आपल्याकडे छोट्या गावात बरणी नातेवाइकांच्याच हातात देतात, 'लॅबमध्ये नेऊन द्या' म्हणून. बरणीत फॉर्मेलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रावण, आहे ना, तुकडा त्यात पूर्ण बुडलाय ना आणि वर नाव लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा आमच्याकडे आला की पेशींची पार रया गेलेली असायची. त्यावर कितीही मोठा डॉक्टर बसला तरी काय सांगणार?

तपासलेल्या शंभर अपेंडिक्सांत एखाद्यातच गाठ निघते. बहुतेकांना ती निघेपर्यंत माहीतही नसते, कारण दुखणं साध्या अपेंडिसायटिससारखंच असतं. पण चाळिशीच्या पुढच्या माणसाचं अपेंडिक्स फुटून गोळा झाला, तो अँटिबायोटिकनं बसवला आणि मग 'आता दुखत नाही, राहू द्या' असं ठरलं, तर जरा थांबा. फिनलंडमध्ये अशाच रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. अर्ध्यांचं अपेंडिक्स नंतर काढायचं, अर्ध्यांचं नुसतं लक्ष ठेवायचं, असा बेत होता. ६० रुग्णांपैकी १२ जणांत गाठ सापडली, आणि ते सगळे चाळिशीच्या पुढचे. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मग प्रकाराची ओळ, बाकी सगळं नंतर

कागदाच्या तळाशी 'इम्प्रेशन' किंवा 'डायग्नोसिस' असं लिहून खाली दोन-तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत गाठीचा प्रकार असतो. तो कळेपर्यंत टी (गाठ किती खोल), एन (नोडमध्ये गेली का), एम (दूर पसरली का), स्टेज, यातलं काहीही वाचू नका. अपेंडिक्सच्या गाठीत माणूस किती जगेल हे सगळ्यात जास्त या ओळीवर ठरतं.

अमेरिकेच्या कर्करोग नोंदवहीतल्या १९७३ ते २००१ या काळातल्या अडीच हजारांवर रुग्णांचा अभ्यास २००५ साली छापला गेला. पाच वर्षांनंतर कोण टिकलं, याचा उतरता क्रम असा होता. कार्सिनॉइड सगळ्यात वर, नव्वदीच्या आसपास. त्याखाली गॉब्लेट सेल, ऐंशीच्या आसपास. म्युसिनस (चिकट जेली बनवणारा) आणि साधा आतड्यासारखा अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर) दोघं पन्नास-साठच्या मध्ये. तळाला सिग्नेट रिंग, पावाच्या थोडं वर. भाच्याला मोबाइलमध्ये दिसलेले दोन आकडे याच शिडीचे वरचं आणि खालचं टोक होते.

आता एकेक पायरी बघू. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, कारण घोळ दोन-तीन ठिकाणीच होतो.

'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' किंवा 'एनईटी' असं असेल तर निम्मा श्वास सोडा. याचंच जुनं नाव कार्सिनॉइड. ओबर्नडॉर्फर नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं १९०७ साली ते ठेवलं. कॅन्सरसारखं दिसतं पण तसं वागत नाही, म्हणून. ही गाठ बहुतेक वेळा अपेंडिक्सच्या टोकाला असते. टोक उभं चिरलं की आत पिवळसर, घट्ट, हरभऱ्याएवढा गोळा. इथे बघायचं ते माप. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९८७ साली १५० रुग्णांचा हिशेब मांडला होता. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असलेले १२७ जण होते, त्यांतल्या एकाचीही गाठ दूर पसरली नाही. दोन ते तीन सेंटिमीटरवाल्या १४ जणांत ३, आणि तीन व त्याहून मोठ्या ९ जणांत ४ पसरल्या. म्हणून एक सेंटिमीटरच्या आतली गाठ असेल तर अपेंडिक्स काढलं की काम संपलं, आणि दोनच्या वर असेल तर उजव्या बाजूचं मोठं आतडं काढायचा सल्ला मिळतो.

मधल्या एक ते दोनमध्ये वर्षानुवर्षं भांडण होतं. २०२३ साली युरोपातल्या १५ देशांतल्या २७८ रुग्णांचा अभ्यास आला. नुसतं अपेंडिक्स काढलेले आणि आतडंही काढलेले, यांच्या आयुष्यात फरक दिसला नाही. तेव्हा दीड सेंटिमीटरच्या गाठीसाठी कुणी घाईनं दुसरं ऑपरेशन सांगत असेल तर हा अभ्यास त्यांच्यासमोर काढा आणि विचारा. एनईटीच्या रिपोर्टमध्ये 'केआय ६७' असा आकडाही असतो, किती पेशी वाढीला लागल्यात ते सांगणारा. त्यावरून ग्रेड, म्हणजे गाठ किती आक्रमक, ते ठरतं: तीन टक्क्यांच्या आत ग्रेड एक, तीन ते वीस ग्रेड दोन, त्यावर तीन. अपेंडिक्सच्या बहुतेक गाठी पहिल्यात बसतात.

वहिनीची ओळ

वहिनीच्या कागदावर होतं: 'लो ग्रेड अपेंडिसियल म्युसिनस निओप्लाझम'. लॅबमध्ये आम्ही नुसतं 'लॅम्न' म्हणायचो.

हे समजायला डिंक डोळ्यासमोर आणा. डिंकाचा खडा पाण्यात टाकला की रात्रीत फुगून भांडंभर होतो ना, तसं या गाठीच्या पेशी म्युसिन बनवत राहतात, बुळबुळीत, चिकट. अपेंडिक्स आतून फुगतं, भिंत पातळ होते. ग्रॉसिंगच्या, म्हणजे तुकडा डोळ्यांनी बघून कापायच्या, टेबलावर असं अपेंडिक्स चिरलं की सुरीला लगदा लागायचा आणि हातमोजे निसरडे व्हायचे. काप काढतानाही वैताग, म्युसिन स्लाइडवरून निसटून पाण्यात तरंगत जायचं. या पेशी गरीब स्वभावाच्या. भिंत पोखरत आत घुसत नाहीत, रेटा देतात. नुसत्या अपेंडिक्सपुरत्या असतील आणि ते पूर्ण निघालं असेल, तर माणूस बरा झाला असंच धरतात.

खरा धोका वेगळा आहे. रेट्यानं भिंत फुटली आणि जिवंत पेशी पोटाच्या पोकळीत सांडल्या, तर तिथल्या अस्तरावर बसून त्या पुन्हा तोच उद्योग सुरू करतात. वर्षभरात, कधी पाच वर्षांत, पोट जेलीनं भरत जातं. पोट सुटलंय म्हणून बायका साडी सैल नेसतात आणि पुरुष पट्ट्याला नवं भोक पाडून घेतात, पण दुखत काही नाही. याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी म्हणतात. वेर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे नाव १८८४ साली दिलं. ऑड्री हेपबर्न ही हॉलिवूडची नटी १९९३ साली गेली ती याच घराण्यातल्या आजारानं.

म्हणून लॅम्नच्या रिपोर्टमध्ये दुसरा प्रश्न हा: म्युसिन बाहेर आलंय का, आणि आलं असेल तर त्यात पेशी आहेत का? कागदावर 'एसेल्युलर म्युसिन' असेल तर बाहेरच्या जेलीत पेशी सापडल्या नाहीत, नुसता डिंक सांडलाय. 'सेल्युलर' किंवा 'म्युसिन विथ एपिथेलियम' असेल तर डिंकाबरोबर बीही सांडलंय. पहिल्यात आजार परत उगवायची शक्यता थोडी, दुसऱ्यात चांगलीच जास्त.

वहिनीच्या कागदावर बाहेरच्या अंगाला एसेल्युलर म्युसिन होतं. त्याच्याचमुळे 'पीटी ४ ए' पडलं होतं. टी ४ ए म्हणजे अपेंडिक्सच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणापर्यंत काहीतरी पोचलंय. लॅम्नमध्ये ते काहीतरी म्हणजे बिनपेशींची जेलीसुद्धा चालते. तेच टी ४ ए आतड्याच्या जातीच्या कॅन्सरवर पडलं, तर त्याचा अर्थ कॅन्सरच्या पेशी भिंत पोखरून पार बाहेर आल्यात. अक्षरं तीच, आयुष्यं वेगळी. भाचा घाबरला तो इथे. प्रकाराची ओळ सोडून त्यानं आकडा वाचला.

पण माझंही समाधान झालं नव्हतं, वेगळ्या कारणानं. ग्रॉस वर्णनात, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या तुकड्याच्या नोंदीत, लिहिलं होतं, 'तीन कॅसेट'. कॅसेट म्हणजे मेणात बसवायचा तुकडा ठेवायची छोटी डबी. रोजच्या अपेंडिक्सला ते ठीक असतं: टोकाचा उभा काप, मधला एक आडवा, बुंध्याचा एक. म्युसिनस गाठीला ते पुरत नाही, अख्खं अपेंडिक्स कॅसेटमध्ये भरून बघावं लागतं. तीन तुकड्यांत पेशी सापडल्या नाहीत म्हणजे चौथ्यात नाहीत असं कुठं आहे! मी त्या लॅबला फोन लावला, स्वतःचं नाव न सांगता नुसतं विचारलं, "बरणी टाकलीत का?" पलीकडच्या मुलीनं शोधून सांगितलं, नाही, रॅकवरच आहे. नशीब. उरलेला तुकडा लॅब काही आठवडेच ठेवते. मेणाचे ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं राहतात. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी कुरकुर न करता उरलेलं सगळं भरलं, आणखी नऊ ब्लॉक झाले. एकाही ठिकाणी बाहेरच्या म्युसिनमध्ये पेशी नव्हत्या. बुंध्याची कड, म्हणजे अपेंडिक्स जिथे कापलं ती जागा, मोकळी होती.

तुमच्या कागदावर लॅम्न असेल तर 'कॅसेट' किंवा 'सेक्शन' शब्दाजवळचा आकडा बघा. 'एंटायरली सबमिटेड' असं असलं की छान. नसेल तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या सोमवारची वाट बघू नका.

(लॅम्नचा एक भाऊ आहे, 'हाय ग्रेड' नावाचा. रचना तशीच, पण पेशी जास्त बिघडलेल्या. तो फारसा दिसत नाही. दिसला तर त्याच्याकडे लॅम्नपेक्षा कडक नजरेनं बघतात.)

'कार्सिनोमा' शब्द आला तर

'म्युसिनस अॅडिनोकार्सिनोमा' म्हणजे पेशी भिंतीत घुसल्यात आणि गाठीचा निम्म्याहून जास्त भाग म्युसिनचा आहे. इथे पन्नास-साठचा तो जुना आकडा पाहून धीर सोडू नका आणि धरूही नका. तो खिचडीचा आकडा आहे. जुन्या नोंदींमध्ये आजचे कित्येक लॅम्न याच नावाखाली गेले असतील, आणि त्यांच्याच पंगतीत पार बिघडलेल्या पेशीही बसल्या. म्हणून इथे पुढचा शब्द, ग्रेड, निर्णायक. 'वेल डिफरन्शिएटेड' किंवा ग्रेड एक: आजार पोटभर पसरलेला असला तरी बरीच माणसं पुष्कळ वर्षं काढतात. 'पुअरली' किंवा ग्रेड तीन: तेवढ्याच पसरलेल्या आजारात फार थोडी. एकाच नावाच्या, एकाच स्टेजच्या दोन माणसांमध्ये एवढी दरी इतर अवयवांत मी क्वचित पाहिली.

'अॅडिनोकार्सिनोमा, कोलोनिक टाइप' किंवा 'इंटेस्टिनल टाइप' म्हणजे मोठ्या आतड्याचाच कॅन्सर समजा, फक्त पत्ता अपेंडिक्सचा. तो जेली पसरवत नाही, लिम्फ नोडमधून (आतड्याजवळच्या छोट्या लसीका गाठींतून) आणि रक्तातून यकृताकडे जातो. म्हणून इथे उजवं आतडं काढतात आणि नोड मोजतात. निदान बारा तरी तपासलेले असावेत. 'शून्य बाय सतरा' असं काही दिसलं तर सतरा बघितले, एकातही आजार नाही. 'शून्य बाय चार' असेल तर आनंद अर्धाच.

गॉब्लेट सेलपाशी मात्र थांबायला हवं, कारण नावानंच लोकांना फसवलंय. या पेशी पेल्यासारख्या दिसतात, पोटात म्युसिन भरलेलं. जुने रिपोर्ट याला 'गॉब्लेट सेल कार्सिनॉइड' म्हणायचे, आणि शेवटचा शब्द वाचून घरचे म्हणायचे, हां, म्हणजे तो साधा वाला. तसा नाही तो. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं वर्गीकरण बदललं आणि याचं नाव 'गॉब्लेट सेल अॅडिनोकार्सिनोमा' केलं. उपचारही अॅडिनोकार्सिनोमाच्या वाटेनं होतात, कार्सिनॉइडच्या नाही. २०१९ च्या आधीचा कागद कपाटात असेल आणि त्यावर 'कार्सिनॉइड' असेल, तर त्याच्या मागे 'गॉब्लेट' लागलंय का ते एकदा चष्मा लावून बघा. याची ग्रेड केआय ६७ वरून काढत नाहीत. पेशी नीट नळ्या आणि झुबके करून बसल्यात का, हे मोजतात. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर बसल्या असतील तर ग्रेड एक, पन्नास ते पंचाहत्तर दोन, पन्नासच्या खाली तीन. बायकांमध्ये हा आजार अंडाशयाकडे जातो, तेव्हा अंडाशयाच्या गाठीबरोबर अपेंडिक्सही तपासलं गेलंय ना, ते विचारावं.

आणि सिग्नेट रिंग. राजमुद्रेच्या अंगठीसारखी पेशी: पोटात म्युसिनचा थेंब, आणि केंद्रक एका कडेला चेपलेलं, अंगठीतल्या खड्यासारखं. या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या भिंतीतून फिरतात. शिडीवर त्या तळाला आहेत त्याचं कारण हेच. इथेही प्रमाण वाचा. निम्म्याहून जास्त गाठ अशा पेशींची असेल तरच 'सिग्नेट रिंग सेल अॅडिनोकार्सिनोमा' हे नाव लागतं. 'विथ सिग्नेट रिंग सेल्स' असं पुस्ती म्हणून असेल तर ती निम्म्याच्या खालची गोष्ट. ती चांगली नाहीच, पण तळाचा आकडा तिला जसाच्या तसा लावू नये.

आमच्याकडे एक तरुण मुलगा वडिलांचा रिपोर्ट घेऊन आला होता. सिग्नेट रिंगच. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही पाहिलंत ना भिंगातून? खरंच अंगठी दिसते?" मी हो म्हटलं. त्यानं बघायला मागितलं. डॉक्टरांनी दाखवलं. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "किती नीट असतात हो." यावर मी काय बोलणार होते?

आता स्टेज वाचा

प्रकार आणि ग्रेड कळल्यावरच. अपेंडिक्सच्या स्टेजमध्ये एक गंमत आहे, जी कागदावर कुणी समजावून सांगत नाही. २०१७ मध्ये छापलेल्या आठव्या आवृत्तीच्या नियमांत चौथ्या स्टेजचे तीन भाग आहेत. पोटात नुसतं बिनपेशींचं म्युसिन असेल, किंवा पोटाच्या अस्तरावर ग्रेड एकच्या पेशी असतील, तर चार ए. अस्तरावर ग्रेड दोन किंवा तीनच्या पेशी असतील तर चार बी. पोटाच्या अस्तराबाहेर, म्हणजे फुप्फुस वगैरे ठिकाणी गेलं असेल तर चार सी. ग्रेड स्टेजच्या आत घुसवलीय, ती उगाच नाही. 'फोर्थ स्टेज' ऐकून घरात रडारड सुरू होते, आणि तो माणूस चार ए चा लॅम्नवाला असतो, पुढची वीस वर्षंही काढू शकणारा.

अशा पसरलेल्या म्युसिनस आजाराचं ऑपरेशन मोठं असतं. अस्तरावरचा दिसेल तो थर सोलून काढतात, मग ४१ ते ४३ अंशांचं गरम केमो पोटात तासभर किंवा त्याहून जास्त फिरवतात. त्याला हायपेक म्हणतात. आजार किती पसरलाय ते मोजायला आधी पोटाचे १३ भाग करून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात, जास्तीत जास्त ३९. आणि शेवटी किती उरलं ते 'सीसी' मध्ये लिहितात: सीसी शून्य म्हणजे डोळ्यांना काही दिसत नाही. २०१२ साली १६ केंद्रांनी २,२९८ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला. निम्मी माणसं सोळा वर्षांच्या पुढे गेली, दहा वर्षांनी १०० तली ६३ होती, पंधरा वर्षांनी ५९. पेशी हाय ग्रेडच्या असतील तर निकाल वाईट, हेही त्याच अभ्यासात. म्हणजे इतक्या मोठ्या ऑपरेशननंतरही पहिल्या ओळीचं वजन गेलं नाही.

आकड्यांबद्दल भाच्याला सांगितलं ते इथेही लिहिते. पाच वर्षांचा आकडा म्हणजे पाच वर्षांनी मरण नव्हे. त्यांनी पाच वर्षांनी दार वाजवून कोण आहे ते मोजलं, एवढंच. आणि ते दार वाजवलं १९७३ ते २००१ मधल्या माणसांचं, त्यातल्या कित्येकांना हायपेक मिळालंच नव्हतं.

डॉक्टरांपुढे बसताना

दोन कागद घेऊन जा, ऑपरेशनची नोंद आणि रिपोर्ट. नोंदीत 'परफोरेशन', 'म्युसिन सीन' असं सर्जननं काही लिहिलंय का बघा. पॅथॉलॉजिस्ट बरणीतलं बघतो, पोटातलं फक्त सर्जननं पाहिलेलं असतं. दोन्हींत मेळ नसेल तर आधी तोच प्रश्न.

मग विचारा: प्रकार नक्की आहे का, की दुसऱ्या डोळ्यांनी बघावं? हे विचारायला लाजू नका. लॅम्न की म्युसिनस कार्सिनोमा, यावर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांतही मतभेद होतात. ते मिटवायला जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवलेली नावं २०१६ साली छापली, तोवर प्रत्येक शहराची आपली भाषा होती. दुसऱ्या मतासाठी नुसता रिपोर्ट चालत नाही, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही लागतात. परळच्या टाटा मेमोरियलला गेलात तरी आधी तेच मागतात. ब्लॉक लॅबमधून सही करून मिळतात. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते. मिरजेहून निघालेले ब्लॉक पुण्यापर्यंत पातळ झालेले मी स्वतः पाहिलेत. पावतीवरचा हिस्टो नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, दहा वर्षांनीही त्याच नंबरनं सापडतं.

बुंध्याची कड मोकळी आहे का? दुसरं ऑपरेशन सांगत असाल तर ते नोडसाठी की कडेसाठी? लॅम्न नोडमध्ये सहसा जात नाही, तेव्हा त्यासाठी अख्खं उजवं आतडं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उलट कोलोनिक टाइपला तोच प्रश्न विचारून ऑपरेशन टाळत बसलात तर नुकसान तुमचंच. मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली नसेल तर ती करायची का? सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ या रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांचे आजचे आकडे किती? पुढे वाढले तर तुलनेला काहीतरी हवं. आणि सीटी किती महिन्यांनी करायचं, किती वर्षं?

वहिनीला सहा महिन्यांनी एक आणि मग दरवर्षी एक, असं सांगितलंय. पहिलं माघात झालं, पोट स्वच्छ. दुसरं पुढच्या माघात आहे. रिपोर्टांची पिशवी तिनं देवघरातून काढून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलीय. भाचा आता कुणाचाही कागद आला की मला फोन करतो आणि तळापासून वाचून दाखवतो. परवा त्याच्या मित्राच्या बहिणीचा होता. "आत्या, एनईटी, शून्य पॉइंट आठ सेंटिमीटर, टोकाला, ग्रेड वन," एवढं म्हणून पुढे स्वतःच म्हणाला, "ठेवतो मग."